अंगणवाडीतला कंडक्टर

चौतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, नारायणगाव आगाराला. सोमवारी सकाळी पुण्याला निघालेल्या गाडीत अगदी शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवायचा आणि दारात लोंबकळणाऱ्याला आत ओढायचं, हे रोजचं काम. त्यामुळे वस्तीवरच्या अंगणवाडीतल्या ताई जेव्हा म्हणाल्या, "आबा, तुम्ही भजनात गाता, आमच्या पोरांना हातवाऱ्यांची दोन गाणी शिकवा की," तेव्हा मी फार विचार केला नाही. सतरा-अठरा पोरं म्हणजे किती, तर मागची चार-पाच बाकडी.

ताईंचा त्यात थोडा स्वार्थ होता आणि तो त्यांनी लपवला नाही. दर महिन्याला पोरांची वजनं-उंची घ्यायची, रजिस्टरं भरायची, तीच माहिती पुन्हा मोबाइलमध्ये चढवायची, गरोदर बायांच्या घरी जाऊन यायचं, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर उभं राहायचं, आणि उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांची पोरं शिकवायची. "आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास तुम्ही सांभाळलंत तर माझ्या नोंदी तरी होतील," त्या म्हणाल्या. मला रिटायर होऊन वर्ष झालं होतं आणि घरात बसून मी बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसत होतो. तिनेच खुंटीवरची टोपी काढून माझ्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. स्वतः रचलेलं बारा ओळींचं गाणं घेऊन गेलो होतो. सूर्य उगवतो, चिमणी उठते, बैल औताला जातात, मोटेचं पाणी येतं, आई जात्यावर दळते, असं सगळं. प्रत्येक ओळीला वेगळी खूण. आरशासमोर तीन दिवस तालीम केलेली. भजनात मी पेटीच्या काळी एकला गातो, ती पट्टी खालची, तीच लावली आणि सुटलो. दुसऱ्या ओळीला पोरांनी आ वासला. चौथीला एकाने शेजारणीच्या रिबिनीचं टोक तोंडात घातलं. जात्याचं दळण येईपर्यंत एक बारकी भोकाड पसरून मावशींच्या पदराआड गेली होती. बाराही ओळी मी एकट्याने म्हटल्या. टाळ्या वाजवल्या त्या मदतनीस मावशींनी, खिचडीचा झारा बाजूला ठेवून. ताई रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाल्या, "छान झालं, आबा. आता पोरांना कधी शिकवणार?"

पुढचे दोन दिवस मी काही शिकवायचं नाही, नुसतं कोपऱ्यात बसून बघायचं, असं ठरलं.

पोरं गोंधळ घालत होती. ताई "गप्प बसा" म्हणाल्या नाहीत. त्या समोर जाऊन बसल्या आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या दोन पोरींनी हात डोक्यावर नेले. ताईंचे हात खांद्यावर आले, तोवर सात-आठ जण लागले होते. मग गालावर, मग पोटावर, मग सावकाश मांडीवर. मांडीवर येईपर्यंत सगळी खोली गप्प. तिथे त्यांनी बारीक आवाजात पहिली ओळ सोडली.

हे मला कळायला हवं होतं, कारण मी जन्मभर हेच केलंय. स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहतो. कितीही ओरडा, इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला शष्प ऐकू येत नाही. त्याला आरशात हात दिसतो. हात चालला की गाडी चालते, तळवा उभा झाला की थांबते. पोरांचंही तेच होतं. ती माझं तोंड बघतच नव्हती, हात बघत होती, आणि माझे हात पंख्यासारखे फिरत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ताईंचा हात शब्दाच्या जरासा आधी निघायचा. चिमणी म्हणायच्या आत बोटांची चोच तयार. मी शब्द उच्चारून मग खूण करायचो, म्हणजे पोरं हात उचलेपर्यंत मी पुढच्या ओळीत. बेल गाव आल्यावर मारतो का आपण? थांब्याच्या अलीकडेच मारतो, म्हणजे गाडी थांब्यावर थांबते. इतकं साधं होतं ते.

तिसरी गोष्ट ताईंनी सांगितल्यावर दिसली. पोरांना खूण नवी असली की तोंड बंद पडतं. हात चालू ठेवायचे तर शब्द सुटतात आणि शब्द म्हणायला गेली की हात हवेत लटकतात. तीन-चार वर्षांच्या पोराला दोन नवी कामं एका वेळी जमत नाहीत. म्हणून पहिले दोन दिवस नुसते हात, शब्दच नाहीत, फार तर "हूं हूं" अशी चाल. हात अंगवळणी पडले की शब्द घालायचे. मी एका दिवसात बारा ओळी आणि बारा खुणा द्यायला निघालो होतो.

पट्टीचा घोळ वेगळाच. माझ्या काळी एकमध्ये पोरं गाताना घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढायची आणि मग कंटाळून ओरडायची. घरी पेटी काढून बघितलं तर ताई काळी चारच्या आसपास, म्हणजे बऱ्याच वर, गात होत्या. तिथे माझा आवाज फाटतो. एक आठवडा मी फाटक्या आवाजात गायलो. पोरांना मजा वाटली, बायकोला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की सुरुवात वर्गातल्या एका साडेपाच वर्षांच्या पोरीने करायची. तिचा आवाज कणखर आणि पट्टी पोरांची. ती उचलते, मी हात करतो. तिला आता त्याचा इतका तोरा आहे की ती नसेल त्या दिवशी बाकीची गाणं सुरूच करू देत नाहीत.

बोटांबद्दल मला वाटायचं की त्यात शिकवायचं काय. आमच्या घरी आजी मांडीवर घेऊन करंगळी-मरंगळीपासून सुरू करायची ती खांद्यापर्यंत पोचेतो आम्ही हसून हसून लोळायचो. म्हणून मी तेच घेतलं. "करंगळी दाखवा," म्हटलं. सोळा हात वर झाले आणि सोळाही पंजे उघडे. "नुसती करंगळी!" मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. एकजण जीभ दातांत धरून करंगळीकडे टक लावून बसला. ती उठली की तिच्या शेजारचं बोट सोबत उठायचं. त्याने दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं, तर करंगळीही खाली गेली. दुसरीने बाकीची चार बोटं फ्रॉकच्या खिशात कोंबली आणि करंगळी बाहेर ठेवली, ही मला सगळ्यात हुशार वाटली. मोठ्यांनीही करून बघावं, नुसतं करंगळीशेजारचं बोट इतर बोटं न हलवता उचलून.

आजीच्या खेळात बोटं आजी धरायची, पोराने नुसता हात द्यायचा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंगणवाडीत सोळा पोरांची बोटं धरायला सोळा आज्या कुठून आणायच्या? तेव्हापासून मी मोठ्या हालचालींपासून सुरू करतो. आधी सगळा हात खांद्यापासून फिरेल अशी खूण, मग कोपरापासून, मग मनगट. बोटांची कामं पाच वर्षांच्या पुढच्यांना. तीन वर्षांच्या पोराला उजवा हात डाव्या गुडघ्यावर न्यायला सांगितलं तरी त्याचा घोटाळा होतो. तो डावाच हात डाव्या गुडघ्यावर ठेवतो आणि आपल्याकडे बघून हसतो. ठेवू द्यावा.

आणि डावं-उजवं हा शब्द मी सोडूनच दिला. समोरासमोर बसलं की माझं उजवं ते पोरांचं डावं. गाडी मागे घेतानाचा आरशाचा हिशेब मला पाठ होता म्हणून मी उलटा हात उचलायला शिकलो, पण पोरांना त्याचं काही नाही. दाराकडचा हात, खिडकीकडचा हात, असं म्हणतो.

ताईंकडे त्यांच्या प्रशिक्षणाची एक जाड वही आहे. पावसाच्या दिवशी पोरं कमी असली की मी ती चाळायचो. त्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी पानंच्या पानं होती. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बाई पोरांच्या अंगणात जाऊन बसल्या आणि त्या अंगणातल्या बालवाडीवरून अंगणवाडी. सरकारची अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, म्हणजे अंगणातलं काम त्याच्या कितीतरी आधीचं. वहीत आणखी एक नाव होतं, जर्मनीतले फ्रोबेल. किंडरगार्टन हा शब्द त्यांचा. त्यांनी १८४४ मध्ये आयांनी लेकरांशी खेळायच्या बोटांच्या गाण्यांचं चित्रांसकट पुस्तक काढलं होतं. मला त्यात आवडलं ते एवढंच, की तेही गाणं आईच्या मांडीवरच सुरू करतात. वहीत ताईंनी पेन्सिलीने समासात लिहिलं होतं, "साहित्य पळसाच्या पानांचं, दगड-शिंपल्यांचं. विकत काही नाही." त्याखाली मी माझी यादी लिहिली: "एक दोरी, एक घंटा."

ही दोरी-घंटा आली एसटीच्या गाण्यातून. बारा ओळींचं ते सूर्य-चिमणीचं गाणं मी गुंडाळून ठेवलं आणि मला ज्यातलं खरंच कळतं त्यावर सहा ओळी केल्या:

लाल एस्टी आली,
धूळ उडत आली,
एक पाय वर, दुसरा पाय वर,
बसा बसा सीटवर!
टिक टिक तिकीट, खण खण नाणी,
टण् टण् बेल, निघाली राणी!

पहिल्या दोन ओळींना दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग, खांद्यापासून. मग जागच्या जागी दोन पायऱ्या चढायच्या आणि बसायचं. "टिक टिक"ला मी तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याची खूण केली, अंगठा आणि बोटं मिटून-उघडून. पोरांनी केली, पण कशीतरी. चार दिवसांनी एकाने विचारलं, "आबा, हा बगळा का आहे गाडीत?"

त्यांना चिमटा माहीतच नव्हता. पोरं जन्मल्यापासून कंडक्टरकडे मशीन बघतायत. मी म्हटलं, मग तुम्ही दाखवा तिकीट कसं देतात. त्या पोराने डावा तळवा पसरला, उजव्या हाताच्या एका बोटाने त्यावर तीनदा टोचलं, थांबला, आणि मग हवेतला कागद टर्रकन फाडून माझ्यापुढे धरला. फाडताना मनगटाला दिलेला झटका अगदी बरोबर. मी शेवटची कितीतरी वर्षं मशीनवरच तिकिटं दिली, आणि तरी माझ्या हातात चिमटाच राहिला होता. गाण्याची ओळ त्याच दिवशी बदलली. "टुक टुक मशीन, टर्र टर्र पाणी" असं मी म्हणून बघितलं, ते मूर्खपणाचं होतं. शेवटी "टुक टुक मशीन, तिकीट टर्र, टण् टण् बेल, गाडी भुर्र," यावर पोरांनी शिक्का मारला. नाणी गेली, राणीही गेली. राणी गेल्याचं मला जरा वाईट वाटलं.

तिकीट देण्याचा खेळ मग गाण्याच्या बाहेर पडला. एक पोरगी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आईचं हाफ, आजीचं फुकट, माझं फुकट. बाबांचं घ्या." हिशेब चोख. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पाच वर्षांखालच्यांनाही फुकट. हिच्या अख्ख्या घरात एसटीला पूर्ण पैसे देणारा माणूस एकच.

आता बेल. गाडीतल्या बेलची दोरी पोरांनी पाहिली होती, पण एक टोल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा, हे ठाऊक नव्हतं. मी गोठ्यातली बैलाच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा नेली, मागच्या खिडकीच्या गजाला बांधली आणि लांब दोरी सोडली. पोरं पुढे तोंड करून बसायची, मी मागे. एक टोल, की हात जिथे असतील तिथे गोठायचे. डबल बेल, की पुन्हा स्टिअरिंग सुरू. सुरुवातीला एका टोलाला कुणी थांबायचं नाही, कारण चाललेला हात थांबवणं हे चालवण्यापेक्षा अवघड. आठवड्याभरात मात्र इतकं जमलं की एकाचं बोट नाकाशी जाऊन थांबलं होतं ते तो डबल बेलपर्यंत तसंच धरून बसला.

आता मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याचं नाव नको, सोन्या म्हणू. चार वर्षांचा. तो गाण्यात कायम अर्धी मात्रा मागे असायचा. सगळ्यांचे हात खाली आले की याचे वर जायचे. स्वभावाने गरीब, भांडणतंटा नाही, पण ताल बिघडवायचा. माझ्या भजनी कानाला ते खुपायचं. दोनदा मी त्याला "बघ की नीट" म्हणून दटावलं आणि तिसऱ्यांदा उचलून मागच्या रांगेत बसवलं. त्याची आई न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "जरा ऐकत नाही बुवा हा." ती म्हणाली, "घरी पण तेच. अजिबात ऐकत नाही. दहा हाका मारल्या तरी ढिम्म." दोघंही हसलो.

बेलचा खेळ सुरू झाला आणि मागच्या रांगेत, म्हणजे माझ्या अगदी पुढ्यात, सोन्या होता. एक टोल दिला, सगळे थांबले. सोन्याचे हात आणखी दोन फेरे फिरले, मग त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं आणि थांबला. डबल बेल. सगळे सुरू, सोन्या शेजाऱ्याकडे बघून सुरू. कंडक्टरची नजर एका गोष्टीला सरावलेली असते: कोण स्वतःहून उठतंय आणि कोण दुसरा उठला म्हणून उठतंय. पहिल्याला आपलं गाव ठाऊक असतं, दुसऱ्याला नाही. घंटा त्याच्या डोक्यापासून तीन हातांवर होती. मी पुढच्या खेपेला त्याच्या शेजाऱ्याला माझ्याजवळ बोलावून घेतलं आणि सोन्याच्या पुढ्यातली दोन पोरं बाजूला सारली. टोल दिला. सोन्या गाडी चालवत राहिला. एकटाच, मन लावून.

मी दोरी सोडली आणि ताईंकडे गेलो. त्यांनी पेन खाली ठेवलं, सोन्याच्या मागे जाऊन हळू आवाजात नाव घेतलं. मग जरा मोठ्याने. तिसऱ्या हाकेला त्याने मान वळवली.

तो ऐकत नव्हता, हे आम्ही सगळेच किती दिवस म्हणत होतो.

ताईंनी त्याच संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितलं. आई आधी रागावली, मग रडली, मग तिला आठवलं की पावसाळाभर त्याचं नाक वाहत होतं आणि टीव्हीचा आवाज तो वाढवत असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पोरांची तपासणी करायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांची पाळी यायला वेळ होता, म्हणून ताईंनी फोनाफोनी करून त्याला तालुक्याला दाखवलं आणि तिथून पुण्याला धाडलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं, दोन्हीकडे. सर्दी वारंवार झाली की लहान पोरांत असं होतं, बऱ्याचदा आपोआपही ओसरतं, पण तोवर पोराला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं, असं डॉक्टरांनी आईला समजावलं. औषधं दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तीन महिन्यांनी एक कान मोकळा झाला होता. दुसऱ्यावर अजून लक्ष ठेवायला सांगितलंय, गरज पडली तर छोटं ऑपरेशन.

सोन्या आता पहिल्या रांगेत, खिडकीकडच्या बाजूला बसतो. त्याला मी मागे बसवलं होतं हे त्याच्या आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "मागे बसवलंत म्हणून तर दिसलं." तिने माझी सोय म्हणून तसं म्हटलं असावं.

बाकीच्या आयांचं माझ्याबद्दल मत संमिश्र आहे. पालकसभेत एकीने विचारलं, "इंग्रजी पोएम कधी सुरू करणार? माझ्या जावेच्या पोराला चौदा येतात." ताई म्हणाल्या, म्हणून दाखवायला सांगा. पोरगा आला, मोबाइलवर लावलेल्या पोएमसमोर उभा राहिला, शब्द फाडफाड म्हटले. हात दोन्ही बाजूंना सरळ. मी काही बोललो नाही. ज्याला घरी मोबाइलच दाखवतो त्याला हात करायला कुणी सांगितलेलंच नसतं, त्यात त्याचा काय दोष? तो पोरगा सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे येऊन बसला. सात दिवस नुसता बघत होता, हाताची घडी घालून. आठव्या दिवशी परत गेला आणि त्याच्या आईचा फोन आला की तो घरी बाथरूमच्या दाराला सुतळी बांधून डबल बेल देतोय. बघत बसणारी पोरं बघत असतात, हे मला आता कळलंय. त्यांना हात धरून करायला लावणं मी बंद केलं. पहिल्या महिन्यात मी दोघांचे हात धरले होते आणि दोघांनीही ते झटकन काढून घेऊन पाठीमागे लपवले होते.

२६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात आमचं एसटीचं गाणं ठेवलं. नऊ जणांना लाल कागदाच्या टोप्या. सरपंच, तलाठी, सगळा गाव. पोरं स्टेजवर चढली, समोर गर्दी बघितली आणि गोठली, जणू कुणी एक टोल दिलाय. माझी पुढारी पोरगी गाणं उचलायचं सोडून आजीला हात करत राहिली. दोघं रडले. मी खालून हात करून करून दमलो. माइकवाल्याने चुकून कर्णा चालू ठेवल्यामुळे माझं "टुक टुक मशीन" अख्ख्या गावाने ऐकलं, तेही फाटक्या काळी चारमध्ये. भजनी मंडळात मला अजून "टुकटुक आबा" म्हणतात. स्टेजवर पुन्हा नेणार नाही. गाणं सतरंजीवरच बरं.

सध्या कांद्याचं गाणं चाललंय. आमच्याकडे लागणीच्या दिवसांत निम्म्या पोरांच्या आया वाफ्यात असतात, पोरंही बांधावर. मी तीन ओळी केल्या होत्या आणि लागणीला खूण ठेवली होती ती पेरल्यासारखी, मूठ फिरवून. ठाकरवाडीवरून येणारी एक चिमुरडी, जी दोन महिने अक्षर बोलली नाही, उठून माझ्यासमोर आली. तिने माझी मूठ उघडली. डाव्या हातात न दिसणारी रोपांची जुडी धरली, उजव्या हाताने त्यातलं एक रोप सोडवलं, सतरंजीवर टेकवलं आणि अंगठ्याने दाबलं. पुन्हा एक सोडवलं, दाबलं. दोन रोपांमध्ये चार बोटांचं अंतर राखून. आईच्या शेजारी बसून किती वाफे बघितले असतील कोण जाणे. मागच्या पोरांनी माझ्याकडे बघणं सोडून तिच्याकडे बघून करायला सुरुवात केली, आणि पाचेक मिनिटांत सतरंजीवर कांद्याच्या ओळी लागल्या.

आता तिच्या या अंगठ्याच्या दाबावर बसेल अशी चौथी ओळ पाहिजे. "दाब" हा शब्द शेवटी येतो आणि त्याला यमक सापडत नाहीये. "बाब", "गुलाब", "जबाब" सगळं करून झालं. सोन्या म्हणतो, "ढाब" म्हणा. काय आहे ते त्यालाही माहीत नाही, पण सोमवारी म्हणून बघणार आहोत.